चार वगळून

९ सप्टेंबर २०२४

मामा,

लांबूनच वाकते, पाठीवर तुमचा हात पडला असं समजते.

फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. मोबाइल घेऊन दिला तर तो तुम्ही कपाटात बंद करून ठेवलात. म्हणून शेवटी पत्रच. पाच दिवसांनी पोहोचेल, तोवर माझी भीती गेली असली तर या पत्राला हसा.

जानेवारीपासून मी शीतगृहात तुमच्याच जुन्या टेबलावर बसते, हे आईने कळवलं असेलच. तीच काळी स्क्रीन, तोच तुमचा प्रोग्रॅम, वर तुमचं नावसुद्धा अजून तसंच आहे. दर पाच मिनिटांनी 'सर्व ठीक' अशी ओळ येते आणि खाली तीनशेपासून उलटे आकडे पडत राहतात. मी आले त्या दिवसापासून अमोनियाची घंटा एकदाही वाजलेली नाही. साहेब मला लक्ष्मीच्या पावलांची म्हणतात. गेटवर पाटी लावलीय, 'गळतीविना दिवस', आणि पुढे खडूने आकडा. शनिवारी तो दोनशे एक्कावन्न होता.

त्याच शनिवारी साडेअकराच्या सुमाराला मी दोन नंबरच्या खोलीबाहेरून जात होते आणि नाकात सुई टोचावी तसा वास आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पदर नाकाला लावून धावत टेबलावर आले. स्क्रीनवर 'सर्व ठीक'. बाजूच्या मालवाल्याला विचारलं तर म्हणतो, ताई, मला सर्दी आहे. आमच्या ह्यांना घरी सांगितलं तर हे म्हणाले, "गळती तुझ्या नाकालाच लागलीय." हसून मोकळे झाले.

मी नाही हसले. हे दिवसभर खाली इंजिनरूममध्ये असतात मामा, कॉम्प्रेसर आणि पाइपांच्या मधोमध. काही झालं तर यांना घंटेवाचून दुसरं काही कळणार नाही. ती घंटा नऊ महिने गप्प आहे. आधी मला याचा अभिमान वाटायचा. शनिवारपासून वाटतं, ही मुकी तर झाली नाही?

तुमचा प्रोग्रॅम नेमकं काय करतो, मला समजेल अशा भाषेत लिहा.

तुमची
टिटवी


१६ सप्टेंबर २०२४

चि. टिटवीस, मामाचा आशीर्वाद, आणि एक टपली.

लहानपणी कुकरची शिटी झाली की किंचाळत पलंगाखाली जाऊन बसणारी तू. तुला टिटवी म्हणायला लागलो ते त्या किंकाळ्यांमुळेच. त्या पोरीला धोक्याच्या घंटेपुढे बसवणाऱ्या साहेबांची मला कीव येते. आणि ती घंटा बनवणारा माणूस ठार बहिरा. एकूण शीतगृह भाग्यवान आहे.

आता ऐक. माझ्या प्रोग्रॅमला तीनच गोष्टी येतात. एक, सेन्सरच्या पेटीला विचारणं, "काय चाललंय?" पेटी प्रत्येक खोलीची एक ओळ देते, तारीख, वेळ, खोली, हवेतला अमोनियाचा आकडा. आकडा तीसच्या वर गेला की पेटी त्या ओळीत 'अलार्म' शब्द घालते. दोन, त्या ओळींमध्ये हा शब्द शोधणं. निकालाच्या कागदावर आपला नंबर शोधतो ना, तसंच. बाकी काही वाचायचं नाही. सापडला की घंटा, नाही सापडला की 'सर्व ठीक'. तीन, थांबणं. तीनशे सेकंद. पेटी म्हातारी आहे, सारखं विचारलं की गुदमरते आणि उत्तर देणंच बंद करते, म्हणून तिला दम खाऊ द्यायचा. हां, ते थांबणं चालू असताना कीबोर्डवरचं कुठलंही बटण दाबलंस की थांबणं तिथंच संपतं आणि प्रोग्रॅम लगेच पुन्हा विचारतो. ते मी मुद्दाम तसं ठेवलं होतं, साहेब डोक्यावर उभे राहिले की पटकन दाखवता यावं म्हणून. तेव्हा डबा कीबोर्डवर ठेवून जेवू नकोस.

हे यंत्र मी तिथं असेपर्यंत एकदाही चुकलेलं नाही. गोदामात कुणी फरशी पुसायला काही तिखट वासाचं वापरलं असेल. तरीही तुझं समाधान व्हावं म्हणून सांगतो. पेटीची सगळी उत्तरं एका फाइलमध्ये साठतात. ती उघड आणि त्या शनिवारची, साडेअकराच्या सुमाराची ओळ जशीच्या तशी उतरवून मला पाठव. प्रोग्रॅमच्या फाइलला मात्र हात लावू नकोस, एक टिंब इकडचं तिकडे झालं तर सगळं बसेल.

जावईबापूंना माझी आठवण सांग. त्यांना तिथं चिकटवलं तेव्हा मशीन बघून त्यांचे डोळे लकाकले होते, ते अजून आठवतं.

मामा


२४ सप्टेंबर २०२४

मामा,

फाइल उघडली. उघडली नसती तर बरं झालं असतं.

ही घ्या ओळ, एकही अक्षर न बदलता:

२०२४-०९-०७ ११:३२ खोली २ अलार्म ३८

शब्द तिथं आहे, मामा! माझं नाक खोटं बोलत नव्हतं. पेटीने सांगितलं, 'अलार्म' म्हणून सांगितलं, आणि प्रोग्रॅमने त्याच मिनिटाला 'सर्व ठीक' लिहिलं. मी मग जानेवारीपासून सगळी फाइल वाचून काढली. आणखी दोन सापडल्या:

२०२४-०३-११ ०९:१७ खोली ३ अलार्म ३६
२०२४-०६-२० १५:५२ खोली २ अलार्म ३१

दोन्ही वेळी घंटा नाही. चार नंबरच्या तर रोज ढिगाने आहेत, पण तो सेन्सर वेडा आहे हे इथं सगळ्यांना पाठ आहे, त्या ओळी मी नुसत्या नजरेखालून सोडून दिल्या. पण दोन आणि तीन नंबर तर शहाणे आहेत ना? शब्द डोळ्यांसमोर असून शोधणाऱ्याला का सापडत नाही?

साहेबांना दाखवलं. म्हणाले, पेटी जुनी आहे, काहीही बरळते, घंटा वाजली तरच खरं. तीनशे दिवस झाले की वरून मोठे लोक यायचेत, सत्कार आहे, तोवर नसती भुतं उकरू नकोस. मी जुनी घंटेची वहीसुद्धा काढून बसले. माझ्या आधीच्या कारकुनाने सगळं नीट लिहिलंय. एक गंमत दिसली, म्हणजे गंमतच म्हणायची. इतक्या वर्षांत एप्रिल महिन्यात घंटा वाजल्याची एकही नोंद नाही. साहेब म्हणाले, एप्रिलमध्ये माल कमी असतो. मालाची वही बघितली, एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त बटाटा असतो.

आता मी जेवायलासुद्धा टेबल सोडत नाही. पाच मिनिटं संपायची वाट बघत बसते, 'सर्व ठीक' आलं की लगेच फाइल उघडून तो शब्द शोधते. आधी 'ठीक' वाचून हुश्श वाटायचं. हे म्हणतात, वेड लागेल तुला. लागेलही. लवकर लिहा.

टिटवी


३० सप्टेंबर २०२४

टिटवे,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तू उतरवलेली ओळ वाचली आणि काय झालंय ते कळलं. घाईत लिहितोय. अक्षर वाकडं आलंय ते समजून घे.

मी तुला मागच्या पत्रात पूर्ण खरं लिहिलं नाही. विसरलो असं लिहिणार होतो, पण विसरलो नव्हतो. लाज वाटली.

प्रोग्रॅममध्ये एक चौथी गोष्ट आहे. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, नऊ वर्षांपूर्वी, चार नंबरचा सेन्सर दिवसातून चाळीसदा घंटा वाजवायला लागला. मेकॅनिक म्हणाला, बिघडलाय. नवा मागवायला साहेब तयार नव्हते. घंटेमुळे माल चढवणारे सारखे बाहेर पळायचे, काम खोळंबायचं. साहेब म्हणाले, "जाता जाता त्याचं तोंड तेवढं बंद करून जा." मी एक ओळ टाकली. शब्द शोधण्याआधी, ज्या ओळीत ४ हा आकडा असेल ती ओळ वगळ. उरलेल्यांत 'अलार्म' शोध.

कळलं का तुला मी काय करून ठेवलं? 'खोली ४' असं पूर्ण लिहायला हवं होतं. मी नुसता ४ लिहिला. निरोपसमारंभाला जायची घाई होती. प्रोग्रॅमला खोलीचा चार आणि घड्याळाचा चार यांतला फरक कसा कळणार? ओळीत कुठंही ४ दिसला की ती ओळ गेली. नऊ वाजून चौदा मिनिटांचा अलार्म, गेला. पाच मिनिटांनी पुढच्या फेरीत एकोणीस मिनिटांचा सापडायचा आणि घंटा वाजायची, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. चार, चौदा, चोवीस तारखा गेल्या. एप्रिल म्हणजे ०४, सगळा महिना गेला. ती तुझी 'गंमत'.

आणि हे वर्ष २०२४ आहे. एक जानेवारीपासून पेटीची प्रत्येक ओळ, प्रत्येक खोलीची, प्रत्येक मिनिटाची, मी फेकून देतोय. आग लागली तरी तुमची घंटा वाजणार नाही. तू लक्ष्मीच्या पावलांची वगैरे काही नाहीस, पोरी. तू चुकीच्या वर्षी बसलीस.

पत्राची वाट बघत बसायला नको म्हणून मघाशीच कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याला चिठ्ठी लिहून दिली आणि तुमच्या गेटवर फोन करायला लावला. निरोप सोपा दिला, 'चार काढून टाक'. त्याने फोनवर ओरडून सांगितलं आणि मला अंगठा दाखवला. म्हणजे हे पत्र येईपर्यंत तू ती फाइल उघडून ४ वगळणारी ओळ काढलेली असशील. काढली नसशील तर आधी ती काढ, मग पुढचं वाच.

पुढचं काही नाही. मला माफ कर एवढंच.

मामा


१ ऑक्टोबर २०२४

मामा,

काल संध्याकाळी रखवालदाराने चिठ्ठी हातात ठेवली. 'मामांचा फोन. चार काढून टाक.' तुम्हाला ऐकू येत नसताना तुम्ही फोन करवलात, म्हणजे किती घाबरला असाल! पण चिठ्ठी वाचली आणि माझा जीव भांड्यात पडला. तो वेडा सेन्सर पेटीत कचरा भरतो आणि त्या कचऱ्यात बाकीच्यांचे खरे अलार्म हरवतात, असंच ना? हे म्हणाले, "मामांनी माझ्या मनातलं ओळखलं." आज सकाळी यांनी स्वतः शिडी लावून इंजिनरूममधला चार नंबरचा सेन्सर काढला, वायरी टेपने गुंडाळल्या. आता पेटीत त्याची ओळच येत नाही. कितीतरी दिवसांनी काल मी सलग झोपले.

सुटल्यासारखं वाटतंय म्हणून एक गोष्ट सांगते, आईलासुद्धा सांगितलेली नाही. यांना वास येत नाही. चार वर्षं झाली असतील. आधी चहाचा वास येईना, मग साबणाचा, मग कशाचाच. घरात दूध करपलं तरी शेजारून बाई ओरडत येते. शीतगृहात हे कुणालाच माहीत नाही, कळलं तर इंजिनरूममधून काढून टाकतील, आणि यांना दुसरं काम येतं कुठं? दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टर नाकाजवळ बाटली धरतात, तेव्हा हे अंदाजाने 'हो' म्हणतात. घंटेवाचून यांना काही कळणार नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं, ते यासाठीच. तुमच्या निरोपाने घंटा दुरुस्त झाली, तुमचे उपकार कसे फेडू?

येत्या सोमवारपासून, सात तारखेपासून, इंजिनरूमचं मोठं काम आहे. तेल वेगळं करणाऱ्या टाकीमागचा जुना व्हॉल्व्ह बदलायचाय. आठवडाभर हे तिथंच वाकून असणार. पण आता मला भीती वाटत नाही.

टिटवी


५ ऑक्टोबर २०२४

टिटवे,

सेन्सर नव्हे. सेन्सर नव्हे! प्रोग्रॅममधला चार!

तुझं पत्र वाचताना मी म्हणे किंचाळलो. औषधवाला दुकान टाकून धावत आला. तो पुन्हा फोन करायला निघाला, मी त्याचा हात धरला. माझ्या तीन शब्दांच्या निरोपाचं काय झालं ते बघितलं. हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हातात देतोय, तो उद्या संध्याकाळी तुझ्या दारात आणून देईल, मी त्याच्या डोळ्यांसमोर तुझा पत्ता तीनदा लिहिलाय. माझं तीस तारखेचं पत्र तोवर मिळालं असेल. नसेल तर एवढं कर: प्रोग्रॅमच्या फाइलमधली ४ वगळणारी ओळ काढ, आणि तो सेन्सर होता तिथं परत लाव.

आता जे लिहितोय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

जावयाला वास येत नाही, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. चार वर्षांपूर्वी हळूहळू गेला म्हणतेस. तो तिथं लागला नऊ वर्षांपूर्वी. मीच चिकटवला, माझ्या शेवटच्या आठवड्यात. ज्या आठवड्यात मी त्या खोलीचं तोंड बंद केलं, त्याच आठवड्यात.

चार नंबर बिघडला होता हे मी कधी तपासलंच नाही. मेकॅनिक म्हणाला, साहेब म्हणाले, म्हणून मीही म्हणालो. पण बिघडलेला सेन्सर अवेळी कधीही बोलतो. हा रोज सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला की बोलायचा, आणि बंद झाला की गप्प व्हायचा. हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसून मी गप्प बसलो, कारण चार दिवसांनी मी घरी जाणार होतो.

तो खरं बोलत असेल तर? नऊ वर्षं बोलत असेल तर?

जावयाला सोमवारी खाली जाऊ देऊ नकोस. नाहीच ऐकलं तर इंजिनरूमच्या दाराशी लाल डब्यात गंधकाच्या काड्या असतात. एक पेटवून प्रत्येक जोडाजवळून फिरव. जिथं अमोनिया असेल तिथं पांढरा धूर उठतो. त्याला वास नाही, पण डोळे आहेत.

मामा


९ ऑक्टोबर २०२४

मामा,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं शनिवारी दुपारी, मी घरी आल्यावर. दुसरं रविवारी संध्याकाळी. कंडक्टरने दारात उभं राहून पोचल्याची सहीसुद्धा मागितली. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत टेबलाच्या खोलीला कुलूप असतं. घंटा आहे ना, म्हणून सगळे निर्धास्त घरी. मी ते सबंध दिवस कसे काढले ते विचारू नका.

यांना म्हटलं, सोमवारी जाऊ नका. हे चिडले. "का नाही गेलो विचारलं तर काय सांगू? नाक गेलंय म्हणून?" शेवटी माझ्या गळ्याची शपथ घातली तेव्हा एवढं कबूल केलं, की आधी सेन्सर परत लावीन, मग कामाला हात घालीन. सात वाजता हे खाली गेले. मला टेबलाची किल्ली आठला मिळाली.

फाइल उघडली. तुमची ओळ सापडली, इवलीशी आहे. पुसली. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. फाइलमध्ये पेटीचं उत्तर आलं. एक ठीक, दोन ठीक, तीन ठीक, आणि 'खोली ४ उत्तर नाही'. सेन्सर नुकताच जोडलेला, तापायला वेळ लागत असेल. खाली आकडे पडायला लागले. तीनशे, दोनशे नव्व्याण्णव. मामा, आजवर मी ते आकडे हजारदा बघितलेत. त्या दिवशी एकेक आकडा पडताना मला वाटत होतं, हे खाली एकेक बोल्ट काढतायत. दोनशे साठला बटण दाबलं. 'उत्तर नाही'. लगेच परत दाबायचा धीर होईना, पेटी गुदमरली तर कायमचीच गप्प होईल. पदराचं टोक दातांत धरून शंभरापर्यंत थांबले. दाबलं.

२०२४-१०-०७ ०८:१९ खोली ४ अलार्म १४६

आणि घंटा वाजली. इतकी मोठी असते हे मला माहीतच नव्हतं. कुणी पळालं नाही. कुणाला ओळखूच आली नाही! रखवालदार शेजारच्या शाळेकडे बघत होता. साहेब खोलीतून ओरडले, "त्या चारचं परत सुरू झालं का? बंद कर ते!" मी जिन्यावर होते.

दाराशी लाल डबा होता. घाईत तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. आत पाऊल टाकलं आणि डोळे मिटले गेले. हे टाकीमागे पाठमोरे वाकलेले, रोजच्यासारखे बाहीने डोळे पुसत, चारांतले दोन बोल्ट काढून झालेले, तिसऱ्यावर पाना. मी हाक मारली तर म्हणतात, "तो वेडा चारच वाजतोय ना? त्यासाठी धावत आलीस?" मी काडी त्यांच्या हाताजवळ नेली. व्हॉल्व्हच्या जोडातून पांढरा धूर भसाभस उठला, यांच्या मनगटावरून, तोंडाजवळून. यांनी धुराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाना हळूच खाली ठेवला. लहान मुलाचा धरावा तसा माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो. अंगणात आल्यावर यांनी आधी नळाखाली तोंड धरलं.

शीतगृह बंद केलंय. बाहेरून आलेला मेकॅनिक म्हणाला, तिसरा बोल्ट निघाला असता तर व्हॉल्व्ह तोंडावरच उडाला असता. आणि म्हणाला, ही गळती आजची नाही, जोडाखालचं पितळ वर्षानुवर्षांचं खाल्लं गेलंय. चार नंबर खोटं बोलत नव्हता.

काल यांना डॉक्टरकडे नेलं. आता लपवून उपयोग नव्हता. नाकाच्या आतलं सगळं थोडंथोडं जळत गेलंय. वास परत येणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं घंटा वाजली नाही का? हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माहीत नाही.

मी खोटं बोललेय मामा. तुमची पत्रं मी गादीखाली ठेवलीत. यांना फक्त एवढंच माहीत आहे, की मामांनी गंधकाची काडी सुचवली म्हणून आपण वाचलो. आत्ता शेजारी बसलेत. मला सांगतायत, "लिही, म्हणावं तुमच्यामुळे मी आज आहे. या एकदा, पाया पडायचंय." मी लिहितेय आणि हे माझ्याकडे बघून हसतायत.

मला तुमचा राग येतो. मला तुमची दयासुद्धा येते, आणि त्याचा जास्त राग येतो. पण हे असे तुमचं नाव घेऊन हसतात तेव्हा मला त्या दिवशीपेक्षा जास्त भीती वाटते. मी सांगणार नाही. यांना वाकू पण देणार नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

टिटवी


१४ ऑक्टोबर २०२४

टिटवे,

पत्र पोहोचलं. तो जिवंत आहे हे वाचेपर्यंत मी दाराला आतून कडी लावून उभ्यानेच वाचत होतो.

त्याने हसावं आणि मी इथं बसून आशीर्वाद लिहून पाठवावा, हे सोपं होतं. दोन दिवस त्याच विचारात गेले असते, पण तू तेवढी सवड ठेवली नाहीस. बरं केलंस.

येत्या रविवारी, वीस तारखेला, अकराच्या बसने येतो. आधी निघालो असतो, पण हे पत्र माझ्यापुढे पोहोचायला हवं. तू दार उघडशील तेव्हा तुला माहीत असलं पाहिजे मी कशासाठी आलोय. साहेबांकडेही जाणार आहे, ती ओळ माझी आहे हे लिहून सही करून द्यायला. पण आधी त्याच्याकडे. गादीखालची पत्रं काढून ठेव, मला शब्द सुचले नाहीत तर तीच त्याच्या हातात देईन.

तो काय करेल माहीत नाही. मारलं तरी मारू दे, मध्ये पडू नकोस. अजून सहा दिवस आहेत, तिकीट मात्र आजच काढून ठेवतोय.

त्याला त्या दिवशी घरीच थांबव. कशाला येतोय ते सांगू नकोस. आणि माझं त्याला सांगून होईपर्यंत मला बस म्हणू नका, पाणीसुद्धा विचारू नका.

मामा